मामांचा दोन फुटी रोबो: जपानी की अमेरिकन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामा १९७९-८० च्या सुमारास न्यू जर्सीहून आले, तेव्हा भाच्यासाठी दोन फुटी प्लास्टिकचा रोबो घेऊन आले. रंग काळपट निळा, छातीवर लाल, पायाखाली चाकं, एका हाताचा पंजा गायब. खोकं केव्हाच रद्दीत गेलं, पण त्यावर ‘शोगुन वॉरियर्स’ लिहिलेलं होतं हे आईला पक्कं आठवतं. तर हा रोबो जपानी की अमेरिकन, एवढा मोठा कशासाठी केला, आणि जुन्या प्लास्टिकला लोक इतके पैसे का मोजतात?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फोटोत दिसतो तो ग्रेट माझिंगर. जन्म जपानचा, बारसं अमेरिकेतलं. मॅटेल कंपनीने ‘ग्रेट माझिंगा’ म्हणून विकला तोच हा. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र जरा लांबून यावं लागेल, कारण त्याचं उत्तर शाम्पूच्या बाटलीत आहे.

आधी माझी ओळख. वसईच्या एका गाळ्यात अठ्ठावीस वर्षं ब्लो मोल्डिंग केलं. फिनेलच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शेतीच्या औषधांचे डबे. खेळण्यांचा नाद त्यातूनच लागला, तोही अपघाताने. माकुहारीला प्लास्टिक मशिनरीचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून तोक्योच्या नाकानो ब्रॉडवेमध्ये शिरलो. जुन्या कॉमिक्सची आणि खेळण्यांची दुकानं एकावर एक रचलेली ती इमारत. एका काचेच्या कपाटात दोन फुटी माझिंगर झेड उभा होता. दुकानदाराने हातात दिला आणि मी पहिलं काय केलं असेल, तर पोटरी उलटी करून जोडरेघ पाहिली. दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत गेलेली बारीक, किंचित उठलेली रेघ. नखाने चाचपली. अंगठ्याने दाबलं तर भिंत आत गेली आणि टक्क करून परत बाहेर आली. म्हटलं, अरे, हा तर आमच्या कॅनचा भाऊ!

आता ही ब्लो मोल्डिंगची भानगड काय आहे ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय या खेळण्यांचा इतिहास म्हणजे नुसती नावांची जंत्री होते. प्लास्टिकचा दाणा वितळवून मशीनमधून जाड, पोकळ, गरम नळी खाली सोडतात. तिला आम्ही पॅरिसन म्हणतो. ती मऊ लोंबत असतानाच दोन्ही बाजूंनी साच्याचे दोन पाट येऊन तिला मिठीत घेतात आणि आत हवा फुंकली जाते. नळी फुगते, साच्याच्या भिंतीला चिकटते, थंड होते. साचा उघडला की बाटली बाहेर. कडेला चेपलेलं जास्तीचं प्लास्टिक, म्हणजे फ्लॅश, सुरीने उडवायचं आणि ते पुन्हा दळून दाण्यात मिसळायचं. हवेचा दाब लागतो पाच-दहा बार. त्याउलट इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात जोराने दाबून भरतात तिथे, दाब शेकड्यांत जातो, कधी हजारावर. दाब कमी म्हणून साचा स्वस्त, मशीन स्वस्त, आणि वस्तू पोकळ म्हणून माल कमी. दोन फुटी वस्तू इंजेक्शनने करायची म्हटली तर साच्यातच कंबरडं मोडतं. फुंकून केली तर ती मोठी बाटलीच.

पण याची किंमत वेगळी मोजावी लागते. फुंकलेल्या वस्तूत टोकदार कोपरा नीट येत नाही. नळी जितकी लांब ताणली जाईल तितकी तिथली भिंत पातळ होते, आणि कोपरा हा सगळ्यात लांबचा. म्हणून बाटल्यांचे खांदे गोल असतात. शिवाय पॉलिइथिलीनवर, म्हणजे या बाटल्यांच्या प्लास्टिकवर, रंग धरत नाही, गोंद धरत नाही. त्याचा पृष्ठभागच मेणचट, त्याला कुणाशी घेणंदेणं नाही. रंग हवा असेल तर दाण्यातच मिसळायचा आणि बारकावे स्टिकरने भागवायचे. मामांचा रोबो हातात घेऊन बघा. अंगावर रंग जवळजवळ नाहीच. निळं प्लास्टिक निळं, लाल प्लास्टिक लाल, आणि नक्षी म्हणाल तर चिकटवलेली.

डब्या-बाटल्यांपासून खेळणी करण्याची जपानची खोड मुळात जुनी. युद्ध संपलं त्याच वर्षाच्या शेवटी, १९४५ मध्ये, क्योतोजवळच्या ओत्सू गावात मात्सुझो कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकन सैन्याने टाकून दिलेले खाण्याचे डबे गोळा केले, सपाट केले आणि त्यांच्या छोट्या जीपगाड्या केल्या. क्योतोच्या दुकानात त्या हातोहात गेल्या. पुढची पंधरा-वीस वर्षं जपानचं खेळणं म्हणजे पत्रा. त्यात रोबोही आले. मासुदाया कंपनीचे पाच घागरेवाले रोबो संग्राहकांत फार मानाचे. सुमारे पंधरा इंच उंच, छापील पत्र्याचे, एकाच ठोकळ्याचे पाच अवतार. त्यातला ‘मशीन मॅन’ इतका दुर्मीळ आहे की मी फक्त फोटोत पाहिलाय. पण हे पत्र्याचे रोबो कुठल्या गोष्टीतले नव्हते. नावगाव नसलेले कुणीतरी, चावी दिली किंवा बॅटरी घातली की चालणारे. निम्म्याहून जास्त माल परदेशी जायचा.

गोष्टीतले रोबो आले ते कॉमिक्समधून. ओसामु तेझुकाचा लोखंडी पोरगा, म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉय, १९५२ पासून, मित्सुतेरू योकोयामाचा तेत्सुजिन २८ हा १९५६ पासून. दोघेही १९६३ मध्ये टीव्हीवर आले. याच योकोयामाचा ‘जायंट रोबो’ १९६७ मध्ये जपानी टीव्हीवर खऱ्या माणसांसह आला आणि बऱ्याच वर्षांनी इंग्रजीत आपल्या दूरदर्शनवर. मनगटावरच्या घड्याळात बोलणारा पोरगा आणि इजिप्तच्या राजासारखं तोंड असलेला तो रोबो आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे अजून उभा राहतो. मुद्दा एवढाच की तोवरचे मोठे रोबो लांबून हुकूम सोडून चालवायचे. पोरगा बाहेर, यंत्र समोर.

मधल्या काळात, १९६६ मध्ये टीव्हीवर राक्षसांशी लढणारा अल्ट्रामॅन आला आणि राक्षसांच्या बाहुल्यांची लाट उठली. त्या मऊ व्हायनिलच्या, जपानी बोलीत ‘सोफुबी’. मारुसान कंपनीने त्या सुरू केल्या, १९६८ मध्ये ती बुडाली, आणि तिथल्याच माणसांनी पुढच्या वर्षी बुलमार्क उभी केली. या बाहुल्या सुंदर आहेत, पण त्यांचं तंत्र वेगळं. साच्यात व्हायनिलचं पातळ ओतून तापवायचं, कडेला थर धरला की उरलेलं ओतून टाकायचं, आणि गरम असतानाच चिमट्याने बाहुली तोंडातून ओढून काढायची. तिच्यावर रंगही छान बसतो. त्यावर लिहायला बसलो तर वेगळंच उत्तर होईल, म्हणून पुढे जातो.

१९७१ मध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने पॉपी नावाची धाकटी कंपनी काढली. पॉपीचं नाव झालं ते कामेन रायडरच्या पट्ट्याने. टीव्हीवरचा नायक रूप बदलताना कमरेचा पट्टा फिरायचा आणि उजळायचा, तसाच खरोखर फिरणारा, उजळणारा पट्टा पॉपीने पोरांना दिला. आधीचे पट्टे नुसते दिसायला सारखे होते. पडद्यावरची वस्तू जे करते तेच पोराच्या हातात झालं पाहिजे, ही पॉपीची खरी शोधलेली वाट.

मग ३ डिसेंबर १९७२ ला फुजी टीव्हीवर माझिंगर झेड सुरू झाला. गो नागाई या कॉमिक्स काढणाऱ्याची कल्पना, तोएई कंपनीचं चित्रण, एकूण ९२ भाग. नागाईने स्वतः सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. वाहतूक तुंबलेली असताना त्याच्या मनात आलं की आपल्या गाडीला हातपाय फुटावेत आणि ती बाकीच्या गाड्यांना ओलांडून जावी. रोजचा घोडबंदर रोड करणाऱ्याला ही कल्पना समजावून सांगायला नको. त्यामुळे माझिंगरला बाहेरून हुकूम देत नाहीत. कोजी काबुतो नावाचा मुलगा छोटं उडतं यान घेऊन येतो, ते रोबोच्या डोक्यात बसतं आणि तो आत बसून चालवतो. राक्षस आता यंत्राची गाडी झाला, आणि पोराला तिची किल्ली मिळाली.

गोष्टीत माझिंगरची उंची १८ मीटर. पॉपीने १९७३ मध्ये त्याचं जे खेळणं काढलं ते सुमारे ६० सेंटीमीटर. म्हणजे सरळ तिसावा हिस्सा. नाव ‘जम्बो मशिंडर’. धड, मांड्या, दंड, सगळं फुंकलेलं पॉलिइथिलीन, शाम्पूच्या बाटल्यांचंच. तळपायाखाली चाकं, कारण इतकं उंच पोर चालवणार कसं, तर ढकलत. खांदे फिरतात, मान फिरते, बाकी शरीर ताठ. गुडघा वाकत नाही, कोपर वाकत नाही.

इथे मला नागाईच्या चित्राचं कौतुक वाटतं. माझिंगरचे दंड आणि मांड्या मुळात नळकांड्या आहेत. पोटऱ्या आणि मनगटाकडचे हात फुगीर. कागदावर काढताना हा माणूस काही बाटल्यांचा विचार करत नव्हता, पण रोबो असा निघाला की कुठल्याही बाटलीवाल्याने बघताच हात चोळावेत. जिथे खरंच धार हवी, तिथे वेगळ्या, कडक प्लास्टिकचे तुकडे जोडलेत. तुमच्याकडे असला रोबो असेल तर एक गंमत करा. डोळे मिटा आणि बोटांनी चाचपा. मेणचट, दाबलं जाणारं ते फुंकलेलं. थंड, टणक आणि कडेला धारदार ते इंजेक्शनचं. कुठे कंपनीने पैसे वाचवले आणि कुठे खर्च केले, हे बोटांना कळतं.

पाच वर्षांच्या पोराची उंची धरा साधारण तीन फूट सात इंच. त्याच्या पुढ्यात दोन फुटी रोबो ठेवला की तो साधारण त्याच्या कंबरेपर्यंत येतो. हे काही मुठीत धरायचं खेळणं नव्हे, पोर त्याला काखेत मारून घरभर हिंडतं. आणि आत हवाच असल्याने ते पोराला पेलतं. हाच रोबो भरीव असता तर बापालाही जड झाला असता.

माझिंगरच्या पाठोपाठ त्याचे शत्रूही या मापात आले. डोक्याला दोन कोयते लावलेला गाराडा के७ आणि दोन डोक्यांचा डबलास एम२. कंपन्या सहसा नायक विकतात, खलनायकाला गिऱ्हाईक कमी. पण एकटा रोबो नुसता उभा राहतो, लढायला दुसरा लागतो, हे पॉपीला समजलं होतं. ते कमी खपले म्हणूनच आज महाग आहेत. मग हातांचे जोड आले. मूठ काढून तिथे दुसरं काहीतरी बसवायचं, स्प्रिंगचा बाण, पातं, आणखी कसलंसं. माझिंगरचं गाजलेलं अस्त्र म्हणजे ‘रॉकेट पंच’, हात कोपरापासून सुटून शत्रूवर जाऊन आदळतो. जम्बो माझिंगरच्या पुढच्या आवृत्त्यांत ही मूठ खरोखर उडायला लागली. पट्ट्याचाच धडा पुन्हा: पडद्यावर उडते तर घरातही उडू दे. तुमच्या मामांच्या रोबोचा पंजा कुठे गेला याचा अंदाज आता आला असेल. उडणारी वस्तू कपाटाखालीच जाते. माझ्याकडेही असाच किस्सा आहे. एका विक्रेत्याकडून ‘जोडी पूर्ण’ म्हणून मुठी मागवल्या, खोका उघडला तर दोन्ही डाव्या.

१९७४ मध्ये पॉपीने दुसरं टोक गाठलं. साधारण १२ सेंटीमीटरचा माझिंगर, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला. नाव ‘चोगोकिन’. गोष्टीत माझिंगरचं अंग ‘चोगोकिन झेड’ नावाच्या काल्पनिक धातूचं होतं, तेच नाव उचललं. या मालिकेमागे कात्सुशी मुराकामी हा आराखडाकार होता, आणि आज रोबो-खेळण्यांच्या दुनियेत त्याचं नाव लोक कानाला हात लावून घेतात. हातावर ठेवला की वजन जाणवतं, पोराला ‘खरं यंत्र’ मिळाल्यासारखं होतं. एकाच घरात आता दोन भाऊ: मोठा हलका, धाकटा जड. संग्राहकांत यावरून भांडणं होतात. मी मोठ्याच्या बाजूचा, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दरवर्षी नवा रोबो. १९७४ मध्ये गेटर रोबो आणि ग्रेट माझिंगर, म्हणजे तुमचा. १९७५ मध्ये रायदीन, गेटर रोबो जी आणि ग्रेंडायझर, १९७६ मध्ये गायकिंग. टीव्हीवरची मालिका संपली की खेळणं शिळं, म्हणून पुढच्या मालिकेचा साचा आधीच तयार. आमच्या गाळ्यात दिवाळीआधी जी घाई असायची ती पॉपीकडे बारमाही असणार.

अमेरिकेचा भाग इथून. मॅटेलने १९७७-७८ मध्ये पॉपीचे हे मोठे रोबो उचलले आणि सगळ्यांना एका छत्राखाली ‘शोगुन वॉरियर्स’ नाव दिलं. ग्रेट माझिंगर झाला माझिंगा, रायदीन, गायकिंग आपापल्या नावाने, गेटर रोबो जी मधला गेटर ड्रॅगन झाला ‘ड्रॅगन’ सारखाच पण जरा वेगळ्या स्पेलिंगचा. जपानमध्ये हे सगळे वेगवेगळ्या मालिकांतले, वेगवेगळ्या विश्वांतले, काही तर वेगवेगळ्या निर्मात्यांचे. अमेरिकन पोरांनी या मालिका पाहिल्याच नव्हत्या. त्यांना दुकानात थेट रोबो भेटला, गोष्ट नाही. त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे सगळे एकाच टोळीतले भाऊबंद. मार्व्हलने १९७९ मध्ये शोगुन वॉरियर्सचं कॉमिक काढलं, ते वीस अंक चाललं, आणि त्यात तीनच रोबो होते. माझिंगा त्यात नाहीच. टीव्हीवर यातल्या काही मालिका १९८० मध्ये ‘फोर्स फाइव्ह’ नावाखाली आल्या, तोवर खेळण्यांचा बहर ओसरत होता. जपानमध्ये गोष्टीने खेळणं विकलं, अमेरिकेत खेळणं गोष्टीच्या आधी पोचलं. मामांना तो रोबो कोण आहे हे ठाऊक नसणार, यात त्यांचा दोष नाही. दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

मॅटेलने स्वतःचा एक भिडूही घातला: गॉडझिला. पाठीमागची कळ दाबली की तोंडातून ज्वाळेची जीभ बाहेर यायची आणि हाताचा पंजा उडायचा. हा पॉपीचा नव्हे. उंचीलाही जरा कमी, दीड फुटाच्या थोडा वर. तरी मला विचाराल तर त्या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात लाडकं खेळणं तोच.

युरोपात उलटा क्रम. १९७८ मध्ये एप्रिलमध्ये इटलीत आणि जुलैमध्ये फ्रान्समध्ये ग्रेंडायझर टीव्हीवर लागला. फ्रान्समध्ये त्याचं नाव गोल्डोराक. पोरं वेडी झाली. माझिंगर झेड त्याच वर्षी स्पेनमध्ये लागला, आणि तारागोना प्रांतात काब्रा देल काम्प गावाजवळ एका वसाहतीच्या तोंडाशी लोकांनी त्याचा मोठा पुतळाच उभारला. तो आजही आहे. वसाहतीच्या कमानीवर गणपती असावा तसा तिथे माझिंगर.

आता उडणाऱ्या मुठींचं काय झालं ते. १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत मॅटेलच्याच एका वेगळ्या खेळण्यातून, बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मालिकेच्या अवकाशयानातून सुटणारा छोटा बाण एका लहान मुलाच्या घशात अडकला आणि तो दगावला. तो शोगुन रोबोचा बाण नव्हता, पण स्प्रिंगने काहीही उडवणाऱ्या सगळ्या खेळण्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. गॅलॅक्टिकाचे ते बाण बाजारातून मागे घेतले गेले, बदलले गेले. केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या बोबा फेटच्या पाठीवरचं रॉकेट उडणारं करायचं ठरवलं होतं, ते १९७९ मध्ये चिकटवून टाकलं. १ जानेवारी १९८० पासून अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतल्या सुट्या लहान भागांवर नियमच आला. रोबोची मूठ मोठी असते, बाण मात्र लहान. आणि ज्या खेळण्याची सगळी मजा ‘उडवणं’ यात होती, त्यातून ते काढलं की उरते उभी बाटली. मामा रोबो घेऊन आले ते नेमकं या उतरंडीच्या वेळी. तेव्हा ते दुकानात स्वस्तात लागलेले असू शकतात.

जपानमध्ये त्यांना मारलं ते वेगळ्याच गोष्टीने. १९७६ मध्ये कॉम्बॅटलर व्ही आला, पाच वाहनं जुळून एक रोबो होणारा. पोरांना आता जुळणं, सुटणं, रूप बदलणं हवं होतं. त्याला खाचा लागतात, खिट्ट्या लागतात, दशांश मिलिमीटरचं माप लागतं. फुंकलेल्या बाटलीत हे होत नाही. बाहेरून साच्याचा आकार मिळतो, पण आतून भिंत किती जाड येईल हे प्रत्येक फुंकरीला थोडं बदलतं. ब्लो मोल्डिंगच्या कॅनचं झाकण घट्ट बसावं म्हणून आम्ही किती घाम गाळायचो ते मला ठाऊक. तिथे पाच तुकडे जुळवायचे म्हणजे अशक्यच. मग जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडाम या टीव्हीवरच्या रोबोचं जोडून करायचं मॉडेल काढलं, १/१४४ मापाचं, किंमत ३०० येन. आता गिऱ्हाईक पाच वर्षांचं पोर राहिलं नाही, चौदा वर्षांचा मुलगा झाला, आणि त्याला टेबलावर बसून कात्रीने तुकडे कापायचे होते. १९८३ मध्ये पॉपी बांदाईतच विलीन झाली.

आज किंमत का? उत्तराचा अर्धा भाग आठवणींचा. उरलेला अर्धा भाग पुन्हा प्लास्टिकचाच आहे. हे खेळणं काटकसरीने केलेलं, धसमुसळेपणाने खेळलेलं. पोर त्यावर बसलं, त्याला गॅलरीतून टाकलं. अंग टिकलं, कारण पॉलिइथिलीन चिवट. पण स्टिकर सुकून गळाले, मुठी हरवल्या, बाण हरवले, खोकी रद्दीत गेली. म्हणून किंमत ठरते ती रोबोवर कमी आणि त्याच्या सुट्या वस्तूंवर जास्त. एका पंजासाठी लोक आख्ख्या रोबोइतके पैसे देतात. खोकं असेल तर विचारूच नका. १९९७ पासून बांदाईने मोठ्या माणसांसाठी चोगोकिन पुन्हा सुरू केलं आणि अमेरिकेत सुपर ७ नावाच्या कंपनीने स्टार वॉर्सचा स्टॉर्मट्रूपर जुन्या जम्बोच्या मापात, चोवीस इंचांचा काढला. नवा माल सुबक आहे. पण दाबल्यावर येणारा तो टक्क आवाज मला जुन्यातच ऐकायला आवडतो. हा माझा पक्षपात.

आता मामांच्या रोबोचं काय करायचं. फोटोत डाव्या पोटरीला पोचा दिसतोय, खांद्याच्या खाचेजवळ बारीक तडा. पोच्यावर हातोडी किंवा काठी नको. पाय निघत असेल तर काढा, आत गरम पाणी भरा, उकळतं नव्हे, हाताला चटका बसेल एवढंच. पॉलिइथिलीनला आपला मूळ आकार थोडाफार आठवतो. आतून बोटाने हळूच दाबलं की बहुतेक वेळा बाहेर येतं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तड्यावर फेविक्विक लावू नका. मी लावलं होतं, माझ्या पहिल्या रोबोला. दोन दिवस छान दिसलं, तिसऱ्या दिवशी हात फिरवला आणि तो पारदर्शक पापुद्रा सोलपटासारखा निघून हातात आला, सोबत स्टिकरचा कोपरा घेऊन. या प्लास्टिकला काही चिकटत नाही हे अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना सांगणारा मी! तडा वाढू द्यायचा नसेल तर त्याच्या दोन्ही टोकांना अगदी बारीक भोकं पाडतात, पण ते सवयीच्या हातानेच करावं. सगळ्यात बरं म्हणजे तो हात फिरवायचाच नाही.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं. थिनरने अंगाला फारसं काही होणार नाही, पण स्टिकर आणि डोक्यावरचे वेगळ्या प्लास्टिकचे भाग वाया जातील. स्टिकरच्या उचललेल्या कडांना हात लावू नका. आणि खिडकीतून उचला त्याला. उन्हाने हे प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, आणि ठिसूळ झालेलं परत मऊ होत नाही. आपल्याकडच्या गच्चीवरच्या पाण्याच्या निळ्या पिंपाकडे पाच वर्षांनी बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

हरवलेला पंजा नव्याने करून मिळतो. हल्ली लोक थ्रीडी प्रिंटरवर करतात आणि जवळून बघेपर्यंत कळत नाही. विकायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा. ठेवायचा असेल तर मी म्हणेन, आधी मामांच्या जुन्या घरातल्या लोखंडी कपाटाखाली आणि दिवाणाच्या पेटीत एकदा हात घाला. माझ्याकडच्या रायदीनचा हरवलेला बाण त्याच्या पहिल्या मालकाच्या आजीच्या बटणांच्या डब्यात सापडला होता, चाळीस वर्षांनी, लोकरीच्या सुयांसोबत.